आधी रिकामा तक्ता, मग डेटा: शाळकरी मुलांना आरोग्याची आकडेवारी आणि शास्त्रीय लेखन शिकवताना

सहामाही परीक्षा संपली की वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडून फोन सुरू होतात. "काका, मुलगा दहावीत आहे, बायोलॉजीत हुशार आहे, थोडं कोडिंगही येतं. दिवाळीच्या सुट्टीत एखादा रिसर्च पेपर करून देता का?"

'करून देता का' इथेच निम्मी चूक होते. उरलेली निम्मी आपण शिकवणारे करतो. पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडायला लावतो, इंटरनेटवरून कुठलीतरी तयार फाइल उतरवून घेतो, दोन तासांत रंगीत आलेख पडद्यावर येतो आणि मुलं खूश होतात. तीन आठवड्यांनी "या खांबाचा अर्थ काय रे?" असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

नववी ते अकरावीच्या मुलांचा लहान गट घेऊन बसणाऱ्या शिक्षकांसाठी आणि डॉक्टर मामा-मावश्यांसाठी खालचा क्रम आहे. पायऱ्या नेहमीच्याच आहेत, लोक चुकतात ते त्यांच्या क्रमात.

## तयारी

गट सहा ते आठ जणांचा ठेवा. त्याहून मोठ्या गटात दोघं काम करतात आणि बाकीचे सेव-उसळ कधी येणार याची वाट बघतात. दोन-दोन तासांच्या बारा बैठका धरा: प्रश्नाला दोन, तक्ता आणि परवानगीला दोन, मोजणीला एक, साफसफाईला दोन, आलेख-आकड्यांना दोन आणि लेखनाला तीन. परवानगीची कागदं फिरून यायला वेळ लागतो, म्हणून या बैठका सलग दिवसांत कोंबू नका.

सामान फारसं लागत नाही. प्रत्येकाला पानांना क्रमांक घातलेली एक शिवलेली वही, पेन, सेकंदकाट्याचं घड्याळ किंवा मोबाइलचा स्टॉपवॉच, आणि दोघांत एक लॅपटॉप. त्यावर लिबरऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स पुरे. पुढे संख्याशास्त्रीय चाचण्यांसाठी जामोवी हे सॉफ्टवेअर घ्या, ते फुकट आहे आणि त्यात कोड लिहावा लागत नाही. पायथन किंवा आर या कोडिंगच्या भाषा पुढच्या सुट्टीत. सुरुवातीलाच कोड आणला की मुलांचं सगळं लक्ष स्वल्पविराम कुठे राहिला याच्यावर जातं.

भाषेचं एक आधीच ठरवून टाका. आपली मुलं घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. चर्चा कुठल्याही भाषेत चालू द्या, पण वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची यादी हवी: सरासरी, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), रकाना, आणि त्यापुढे शाळेत वापरतात तो शब्द. 'ॲव्हरेज' म्हणताना एकाच्या मनात सरासरी असते आणि दुसऱ्याच्या मनात 'साधारण मुलगा'. हा घोळ शेवटच्या आठवड्यात निस्तरता येत नाही.

## १. प्रश्न एका वाक्यात आणा

मुलं विषय घेऊन येतात: "मधुमेह", "कॅन्सर", "एआय इन हेल्थकेअर". यातला एकही प्रश्न नाही. प्रश्नात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: कोणात मोजणार, काय मोजणार, कुठल्या एककात, आणि कशाशी ताडून बघणार.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. वडोदऱ्यात नवरात्राच्या आधी महिनाभर जागोजागी गरब्याचे सराववर्ग चालतात. प्रश्न असा: *गरब्याचा २० मिनिटांचा सराव थांबल्यावर ३ मिनिटांत नाडीचे मिनिटाला किती ठोके कमी होतात, आणि आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस नाचणाऱ्या व त्याहून कमी नाचणाऱ्या १४ ते १७ वयाच्या मुलांत ही घट वेगळी असते का?*

वाक्य लांबलचक आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा पुढे तक्त्याचा एक रकाना होतो.

सावधान: प्रश्नात 'मुळे' आला की तिथेच थांबा. "मोबाइलमुळे झोप कमी होते का?" याचं उत्तर वर्गात प्रश्नावली वाटून मिळत नाही, कारण ज्याला झोप येत नाही तोही मोबाइल हातात घेतो. 'मुळे' खोडून 'यांचा संबंध दिसतो का' लिहायला लावा.

तपासा: मुलाला हा प्रश्न आजीला मराठीत सांगता येतो का? आजीने "म्हणजे नक्की काय मोजणार?" असं परत विचारलं, तर प्रश्न अजून कच्चा आहे.

## २. रिकामा तक्ता आणि रिकामा आलेख

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. माझा बराच वेळ इथेच जातो, आणि तो जाऊ द्यावा असं माझं मत आहे.

एकही आकडा हातात नसताना मुलांनी वहीत दोन गोष्टी काढायच्या. पहिली, डेटाचा रिकामा तक्ता. एका ओळीत एक माणूस, एका रकान्यात एकच गोष्ट. आपल्या उदाहरणात: संकेतांक, वय, मुलगा-मुलगी, आठवड्यातले सरावाचे दिवस, बसून असतानाची नाडी, थांबल्याबरोबरची नाडी, ३ मिनिटांनंतरची नाडी, मोजणाऱ्याचा संकेत, शेरा. प्रत्येक रकान्याखाली एकक आणि संभवनीय मर्यादा लिहायची. नाडीसाठी समजा ४० ते २२०. त्याबाहेरचा आकडा आला तर तो चुकीचाच असं नाही, पण पुन्हा बघायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखात शेवटी जाणार तो आलेख, आकड्यांशिवाय. आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, किती ठिपके, आणि उत्तर 'हो' असेल तर चित्र कसं दिसेल, 'नाही' असेल तर कसं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढून घ्या. दोन्ही सारखीच दिसत असतील, तर या मोजणीतून प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. हे आज कळलेलं बरं.

एकदा एका मुलीने असंच चित्र काढताना विचारलं, "काका, जो जास्त जोरात नाचला त्याची नाडी जास्त चढणार, मग ती जास्त उतरणारच ना?" बरोबर. नुसती घट बघितली तर फिटनेस आणि नाचण्याचा जोर यांची खिचडी होते. म्हणून थांबल्याबरोबरची नाडी वेगळ्या रकान्यात हवी, आणि एक आलेख 'किती चढली' विरुद्ध 'किती उतरली' असा हवा. ही शंका मोजणी झाल्यावर आली असती तर हळहळण्यापलीकडे काही करता आलं नसतं.

याच बैठकीत पद्धतीचा भाग लिहून घ्या, भविष्यकाळात: "आम्ही ३० जणांची नाडी मोजू. प्रत्येकाची नाडी तीन वेळा मोजू." काम झाल्यावर क्रियापदं भूतकाळात न्यायची की लेखाचा पहिला भाग तयार. लेखनाची सुरुवात इथून होते.

## ३. परवानगी, मोजणीच्या आधी

१८ वर्षांखालच्या मुलांकडून माहिती घ्यायची तर पालकांची लेखी संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्ही गोष्टी आहेत. आईने सही केली पण पोरगं नको म्हणतंय, तर नको.

विज्ञान स्पर्धेत जायचं असेल तर आणखी काटेकोर राहा. रीजेनेरॉन आयसेफ या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेच्या नियमांत माणसांवरच्या प्रकल्पाची समितीकडून तपासणी काम सुरू होण्याआधी झालेली असावी लागते. शाळापातळीवर या समितीत किमान तिघं असतात: एक शिक्षक, एक शाळेचा प्रशासक आणि एक वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातला माणूस. मागच्या तारखेची सही घेऊन हे जमवता येत नाही, आणि मुलांना तसं करायला शिकवणं तर फारच वाईट.

सुई, रक्त, औषध, आजारी माणूस: यांतलं काहीही शाळकरी मुलांच्या हाती द्यायचं नाही. नावं तक्त्यात लिहायची नाहीत. व०१, व०२ असे संकेतांक द्या. नाव आणि संकेतांक जोडणारी यादी वेगळ्या कागदावर, मोठ्या माणसाच्या कपाटात.

तपासा: मोजताना कुणाची नाडी भलतीच आली किंवा चक्कर आली तर कुणाला सांगायचं, हे ठरलंय का? पालकांना आणि गरज वाटल्यास डॉक्टरांना सांगायचं. वर्गात त्याची चर्चा करायची नाही.

## ४. मोजणी, किंवा तयार डेटा

### स्वतः मोजत असाल तर

आधी सराव. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. अंगठ्याने मोजायचं नाही, त्याची स्वतःची नाडी जाणवते. ठोका पडताक्षणी घड्याळ सुरू करून त्या ठोक्याला 'शून्य' म्हणायचं, की शून्य-एक-दोन करत जायचं.

किती सेकंद मोजायचं यावर मुलं भांडतात. बसलेल्या माणसाची पूर्ण मिनिटभर मोजली तर उत्तम. पण नाचून थांबलेल्याची मिनिटभर मोजत बसलात, तर तेवढ्यात ती झपाट्याने उतरते आणि तुमच्या हाती चढ-उताराची सरासरी येते. म्हणून थांबल्यावर १५ सेकंद मोजून चारने गुणा. त्याची किंमत अशी की सगळे आकडे ४ च्या पटीत येतात आणि एक ठोका चुकला की मिनिटाला ४ ठोक्यांची चूक होते. ही मर्यादा पद्धतीच्या भागात लिहायची, लपवायची नाही. तिन्ही मोजण्या एकमेकींशी ताडायच्या असल्याने बसलेली नाडीही १५ सेकंदच मोजा.

सरावात दोघांनी एकाच माणसाचे दोन मनगट एकाच वेळी धरायचे. १५ सेकंदांत दोघांच्या मोजणीत एकापेक्षा जास्त ठोक्यांचा फरक पडला तर पुन्हा सराव.

माझी फजिती सांगतो. एका वर्षी उत्साहात सराववर्ग सोडून थेट एका शेरीतल्या गरब्यात गेलो. लाउडस्पीकर, घाम, हातभर बांगड्या. मुलांना नाडी सापडेना. त्याहून वाईट म्हणजे कोण कधी थांबलं हे कुणीच टिपलं नव्हतं. काहींची नाडी लगेच मोजलेली, काहींची सोडा पिऊन आल्यावर. चाळीस जणांची मोजणी होती, सगळी टाकून दिली. तेव्हापासून एक मुलगा फक्त वेळ बघतो, मोजत नाही.

### तयार डेटा घेत असाल तर

पहिला दिवस फाइलसोबतची माहिती वाचण्यात घालवा. इंटरनेटवर सर्वात जास्त फिरणारं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या पिमा या मूळनिवासी समाजातल्या स्त्रियांचा मधुमेहाचा डेटा. त्यात ७६८ ओळी आहेत, आणि सगळ्या स्त्रिया २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या. मुलं तो उतरवतात आणि निष्कर्ष लिहितात "माणसांमध्ये". कुठल्या माणसांमध्ये? वडोदऱ्यातल्या तुमच्या वडिलांना तो लागू आहे का?

याच फाइलमध्ये इन्सुलिनच्या रकान्यात ३७४ ठिकाणी शून्य आहे, रक्तदाबाच्या रकान्यात ३५ ठिकाणी, बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन) ११ ठिकाणी. रक्तदाब शून्य असलेली बाई तपासणीला चालत येत नाही. ते शून्य म्हणजे 'नोंद नाही'. हे न बघता काढलेली सरासरी खोटी. आणि ७६८ पैकी ५०० जणींना मधुमेह नाही, म्हणजे डोळे मिटून प्रत्येकीला 'नाही' म्हणणारं यंत्रही ६५ टक्के बरोबर ठरतं. मुलगा "माझं मॉडेल ७० टक्के अचूक" म्हणाला की हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

अमेरिकेच्या एनहेन्स या आरोग्य आणि पोषणाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या फाइली चांगल्या आणि मोफत आहेत, पण तिथेही खाचा आहेत. काही प्रश्नांत ७७७७ म्हणजे 'उत्तर दिलं नाही', ९९९९ म्हणजे 'माहीत नाही'. अलीकडच्या फेऱ्यांत ८० वय म्हणजे ८० आणि त्यापुढचे सगळे. साखर कुठे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, कुठे मिलिमोल प्रति लिटर. पहिल्याला १८ ने भागलं की साधारण दुसरं मिळतं. १२६ आणि ७ हे उपाशीपोटीच्या साखरेचे एकच आकडे आहेत, हे मुलांनी एकदा हाताने भागून बघावं.

सावधान: शाळकरी मुलांच्या बीएमआयला मोठ्यांची २५ ची रेषा लावू नका. ५ ते १९ वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते आहेत. ही चूक मी शिक्षकांच्या हातूनही पाहिली आहे.

## ५. साफसफाई

मूळ फाइल 'मूळ' नावाने ठेवा आणि तिला हात लावू नका. काम तिच्या प्रतीत. प्रत्येक बदल वहीत: तारीख, कुठली ओळ, आधी काय होतं, आता काय, का.

स्प्रेडशीट आपला शहाणपणा दाखवते. दुखण्याची तीव्रता ३/१० लिहिलीत की तिची तारीख होते. सेप्ट२, मार्च१ अशा नावांच्या जनुकांच्या इतक्या तारखा झाल्या की २०२० साली त्या जनुकांची नावंच बदलावी लागली. म्हणून आकडे भरण्याआधी रकान्याचा प्रकार ठरवा. रक्तदाब १२०/८० असा एका चौकटीत लिहू नका. वरचा आणि खालचा असे दोन रकाने करा. रिकामी नोंद रिकामीच ठेवा, तिथे शून्य नको.

तपासा: प्रत्येक रकान्याचा सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा बघा. मग शेवटचा अंक बघा. १५ सेकंदांच्या मोजणीत ४ च्या पटीत नसलेला आकडा आला, तर कुणीतरी गुणाकार चुकलाय किंवा आकडा मनाने लिहिलाय. दुसरी शक्यता असेल तर मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, चारचौघांत नको.

## ६. आधी चित्र, मग आकडा

१९७३ साली अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने चार लहान तक्ते छापले, प्रत्येकात ११ ठिपके. चारही तक्त्यांत सरासऱ्या सारख्या, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचा आकडा) ०.८१६. आलेख काढला की एक सरळ रेषेसारखा, एक कमानीसारखा, आणि उरलेल्या दोनांत एकेक ठिपका सगळा खेळ बिघडवणारा. हे चारही आलेख मुलांना हाताने, चौकटीच्या कागदावर काढायला लावा. एक तास जातो, पण त्यानंतर आलेख न काढता कुणी सरासरी सांगत नाही.

तीस जणांच्या डेटाला खांब नकोत. प्रत्येक माणसाचा ठिपका दाखवा.

मग आकडे. इथली सर्वात महाग चूक म्हणजे एकाच माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या मोजणीला दोन वेगळी माणसं समजणं. प्रत्येकाची घट वेगळ्या रकान्यात काढा: थांबल्याबरोबरची वजा ३ मिनिटांनंतरची. तुलना या रकान्याची करायची. गट लहान असतील आणि आकडे एका बाजूला झुकलेले असतील तर मध्यक सांगा.

पी व्हॅल्यू शिकवायची तर एवढंच शिकवा: खरंच काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. 'निष्कर्ष खरा असण्याची शक्यता' नाही. आणि वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या तर काहीच खरं नसतानाही निदान एकीची तरी पी व्हॅल्यू ०.०५ या नेहमीच्या मर्यादेखाली येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणून पहिल्या पायरीत ठरवलेला प्रश्न हाच मुख्य. वाटेत सापडलेलं दुसरं काही असेल तर लेखात तसं सांगायचं.

## ७. लेखन: वाचण्याचा क्रम वेगळा, लिहिण्याचा वेगळा

वाचकाला लेख शीर्षक, सारांश, प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती, चर्चा असा दिसतो. मुलं त्याच क्रमाने लिहायला बसतात, प्रस्तावनेत "आजच्या धकाधकीच्या जीवनात" म्हणून अडकतात आणि चॅटजीपीटी उघडतात. लिहिण्याचा क्रम असा ठेवा:

1. पद्धत. ती आधीच लिहून झाली आहे, काळ बदला. ठरवल्यापेक्षा काही वेगळं केलं असेल तर सांगा.
2. तक्ते आणि आलेख. लेख न वाचता कळतील अशा ओळी त्यांच्याखाली.
3. निष्पत्ती. फक्त काय दिसलं.
4. चर्चा. त्याचा अर्थ काय असू शकतो, काय असू शकत नाही, मर्यादा.
5. प्रस्तावना. तीन परिच्छेद पुरेत, शेवटच्यात प्रश्न.
6. सारांश आणि शीर्षक.

वाक्याची दुरुस्ती फळ्यावर करून दाखवा. मुलाने लिहिलेलं: "आमच्या संशोधनाने सिद्ध झाले की गरबा हृदयासाठी अत्यंत उपयुक्त आहे." दुरुस्त, नमुन्यादाखल आकडे घालून: "३० पैकी एकाची शेवटची मोजणी राहून गेली. उरलेल्यांत, आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस नाचणाऱ्या १४ जणांत घटीचा मध्यक ४४ ठोके, तर कमी नाचणाऱ्या १५ जणांत ३६ ठोके होता." दुसऱ्या वाक्याशी वाद घालायचा तर आधी मोजावं लागेल. पहिल्याशी गणपतीत आरतीनंतर कुणीही घालू शकतो.

८२.४६६६६६७ असा आकडा दिसला की लाल पेन. हाताने मोजलेल्या नाडीला दशांशानंतर इतकी घरं शोभत नाहीत.

सावधान: संदर्भ चॅटजीपीटीसारख्या यंत्राकडून लिहून घेतले तर अस्तित्वात नसलेले लेख यादीत येतात. प्रत्येक संदर्भ पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर उघडून निदान सारांश वाचायचा, आणि मुलाने तो दोन वाक्यांत तोंडी सांगायचा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ पासून स्पष्ट केलंय की अशा यंत्राचं नाव लेखक म्हणून देता येत नाही आणि त्याचा वापर केला असेल तर तो सांगावा लागतो. लेखकांच्या यादीत फी भरणारे बाबा बसत नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगून टाका. मदत केली असेल तर आभारात.

## ८. पाठवण्याआधी

निरीक्षणात्मक (उपचार न देता नुसतं बघून-मोजून केलेल्या) अभ्यासांसाठी 'स्ट्रोब' नावाची २२ मुद्द्यांची यादी आहे. मुलांनी एकमेकांचे मसुदे अदलाबदल करून तिच्यातल्या एकेका मुद्द्यापुढे खूण करायची. ज्याचा लेख आहे त्याने गप्प बसायचं. तो तोंडाने समजावायला लागला की ते वाक्य लेखात नाही असं समजा.

शाळकरी मुलांसाठी 'जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स'सारखी नियतकालिकं आहेत. तिथे परीक्षक वाचतात, प्रश्न विचारतात आणि दुरुस्त्या मागतात. त्यात महिने जातात, ते पालकांना पहिल्याच फोनवर सांगा. चार दिवसांत स्वीकार आणि लगेच पैशांची मागणी असं पत्र आलं, तर उत्तर देऊ नका.

परीक्षकांचे प्रश्न आले की ते वहीत एकेका पानावर उतरवा, त्याखाली मुलाचं उत्तर आणि लेखात कुठल्या ओळीत बदल केला ते. एखाद्या प्रश्नाचं उत्तर डेटात नसेल तर "आम्ही हे मोजलेलं नाही" एवढं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळा.